रात्रपाळी

माझे वरचे दोन दात अजून वाकडे आहेत.
तारेसाठी साठवलेल्या पैशांत
त्या वर्षी टायरचे दोन संच आले,
एका रविवारात झिजले.
तक्रार नाही. पिठाच्या वहीत मागच्या पानावर
बाबांच्या अक्षरात नोंद आहे:
ओदेतचे दात, पुढच्या वर्षी.

तेल्मो सात वर्षांचा होता.
पावाच्या व्हॅनमध्ये मागे कार्ट, पुढे आम्ही तिघं,
मांडीवर क्रेट,
कारण लेइरियाच्या ट्रॅकला जाताना
सेयाच्या दोन हॉटेलांना पाव द्यायचेच असत.
त्याच्या हेल्मेटला कायम यीस्टचा वास.
पोरं त्याला ‘पाव’ म्हणून हाक मारत.
तो पहिला आला की
तशीच मारत, जरा हळू.

बाबांना गाडीतलं काही कळत नसे.
शर्यत संपली की एकच विचारत,
"कुठे सुटली?"
तो कुल्ल्याखाली हात धरून दाखवे,
"इथे. उजवीकडे. जराशी. मग परत धरली."
बाबा मान हलवत.
कणीक कधी सुटते, कधी धरते
हे त्यांनाही हातालाच कळतं,
थर्मामीटर भिंतीवर नुसता टांगलेला.

तेराव्या वर्षी इटली,
एका मेकॅनिकच्या मावशीकडे पोटमाळ्यावर.
सोळाव्या वर्षी स्पेन, फॉर्म्युला फोर.
त्या मोसमापायी खालच्या पेठेतलं दुसरं दुकान गेलं,
भट्टीसकट.
दोन शर्यती जिंकला. एकदा पावसात,
अकराव्या जागेवरून.
मग टीमच्या मॅनेजरने कॉफी पाजली,
स्वतः साखर ढवळून दिली, आणि म्हणाला,
"वेग तुझ्याकडे आहे. बाकीचं घेऊन ये."

बाकीचं मुर्सियाच्या एका हॉटेलवाल्याकडे होतं.
त्याचा मुलगा चांगला होता, हेच वाईट.
तेल्मोच्या सीटवर बसण्याआधी
त्यालाच विचारायला आला,
तिसऱ्या वळणात गिअर कुठला घेतोस?
आणि आमच्या शहाण्याने सांगितला.
हे मी अजून माफ केलेलं नाही.

नंतरची चार वर्षं पोर्तिमावला,
दुसऱ्यांच्या गाड्यांत, उजव्या सीटवर.
ब्रेक. ब्रेक. आता सोडा. आता.
वाढदिवसाची भेट म्हणून आलेले नवरे,
हिरवे पडलेले बँकवाले.
एकाने त्याच्या बुटांवर ओकून
वर टिप दिली.
घरी फोनवर म्हणायचा, शिकवतोय.
बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, मास्तर झालाय.

मग डॉक्टर फान एल्सवाइक आले.
हॉलंडचे, दातांचे, अठरा दवाखाने.
गाडी त्यांची, टायर त्यांचे, नाव दारावर पहिलं त्यांचं.
सोबतीला पगारी माणूस हवा होता.
बेल्जियममध्ये मला भेटले तेव्हा
हात मिळवता मिळवता तोंडाकडे बघून म्हणाले,
"अजून सरळ होतील हं."
मी तोंड मिटलं.

डॉक्टर हौशी, पण अंधाराला भितात.
चोवीस तासांच्या शर्यतीत म्हणून
रात्र सगळी तेल्मोची.
आदल्या दिवशी त्याने फोन केला,
"बाबा, मला रात्रपाळी मिळालीय."
पलीकडे नुसता परातीचा आवाज.
मग, "पगारी?"
"पगारी."
"मग दुपारी झोपून घे," बाबा म्हणाले,
"आणि पोटभर खाऊ नकोस, झापड येते."
वीस वर्षांत शर्यतीबद्दल
त्यांनी त्याला दिलेला हा पहिला सल्ला.

पहाटेचे चार. मी ग्वार्दाला परतले होते,
व्हॅन भरायला माणूस नव्हता.
पिठाच्या गोणीवर फोन टेकवलेला,
त्यात आकड्यांची ओळ.
दोन वीस. दोन वीस. दोन एकोणीस.
बाबा फावडं आत घालतात, पाव ओढतात,
कणकेच्या बोटाने काच पुसतात,
ती आणखी मळते.
दोन वीस.
"धुकं असेल तिकडे," म्हणतात.
मध्येच एकदा दोन तेवीस.
बाबा थांबले. फावडं हवेत.
"कुठे सुटली?"
मला विचारलं.

मी म्हटलं, धरली परत.
दोन वीस आलं.

क्रेट मोजून मी निघाले.
सेयाच्या उतारावर, चौथ्या वळणाला,
रात्री दव पडलं की मागचं चाक सुटतं,
जरासं, डावीकडे.
तिथे ब्रेक मारायचा नसतो.
मला कुणी शिकवलेलं नाही.